रंगांधळेपणा आणि रोजचे कपडे : कपाट लावण्याचा योग्य क्रम

रंग नीट न कळणाऱ्या माणसाची कपड्यांच्या बाबतीत फजिती होते ती बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. सुरुवात शेवटाकडून केली जाते. आधी मोबाइलवर ॲप येते, कोणीतरी सांगितले म्हणून महागडा चष्मा मागवला जातो आणि कपाट मात्र होते तसेच राहते. मग रोज सकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात शर्ट हातात धरून "हा कोणता रंग गं?" अशी स्वयंपाकघराकडे हाक जाते आणि पोळ्या लाटता लाटता मिळालेल्या उत्तरावर दिवस काढावा लागतो. वास्तविक रंग ओळखण्याचे काम रोज करायचेच नसते. ते एकदाच, चांगल्या उजेडात, खात्रीच्या माणसाकडून करून घ्यावे, कपड्यावर लिहून ठेवावे आणि पुढे लिहिलेले वाचून कपडे घालावेत. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत, कारण प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा आहे.

टप्पा १ : दोषाचा प्रकार नक्की करा

पहिले काम नेत्रतज्ज्ञाकडे जाण्याचे. सांगली-मिरजेत राहणाऱ्यांना त्यासाठी लांब जावे लागत नाही. रंगीत ठिपक्यांमध्ये दडलेले आकडे वाचायला लावणारी इशिहारा चाचणी काही मिनिटांत होते. तिच्या पहिल्या पाटीवरचा १२ हा आकडा रंगदोष असलेल्यालाही वाचता येतो, त्यामुळे तो वाचता आला म्हणून "मला काही दोष नाही" असे समजून उठू नये. हीच चाचणी मोबाइलवर करून निष्कर्ष काढणेही टाळावे, कारण पडद्याचा प्रखरपणा आणि रात्रीसाठी ठेवलेली पिवळसर छटा यांनी ठिपक्यांचे रंग बदलतात.

सर्वांत जास्त आढळतो तो जन्मजात लाल-हिरव्याचा दोष, आणि त्याचे दोन प्रकार कपड्यांच्या दृष्टीने वेगळे आहेत. पहिल्यात लाल रंग मुळातच काळपट दिसतो, म्हणून लाल, मरून, गडद तपकिरी आणि काळा यांत गल्लत होते. दुसऱ्यात, जो अधिक आढळतो, लाल तितका काळवंडत नाही, पण हिरवा, तपकिरी, विटकरी आणि खाकी एकमेकांत मिसळतात. दोन्ही प्रकारांत जांभळा निळ्यासारखा भासतो, कारण त्यातला तांबडा अंश डोळ्याला जाणवत नाही. फिकट गुलाबी, फिरोजी आणि राखाडी यांत फरक करणे अवघड जाते आणि नारिंगी व पोपटी यांची अदलाबदल होते. तिसरा, निळ्या-पिवळ्याचा दोष विरळा आहे. तो स्त्री-पुरुषांत सारख्याच प्रमाणात आढळतो आणि ठिपक्यांच्या नेहमीच्या चाचणीत सापडत नाही, म्हणून निळा-हिरवा किंवा पिवळा-फिकट गुलाबी यांत गोंधळ होत असल्यास तसे डॉक्टरांना मुद्दाम सांगावे.

तपासणी झाली की स्वतःच्या गोंधळाच्या जोड्या एका कागदावर लिहाव्यात. हा कागद पुढे प्रत्येक टप्प्यावर लागतो. नेव्ही ब्लू आणि काळा ही जोडी त्यात घालू नये, कारण कमी उजेडात ती निर्दोष दृष्टीच्या माणसालाही ओळखता येत नाही.

सावधान : जन्मजात दोष वयानुसार वाढत नाही. आधी ठीक दिसणारे रंग अलीकडे फिके किंवा वेगळे दिसू लागले असतील, अथवा एकाच डोळ्याने वेगळे दिसत असतील, तर कपाट बाजूला ठेवून आधी डोळे तपासून घ्यावेत. मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेह आणि दृष्टिनाडीचे विकार यांमुळे असे होऊ शकते. क्षयरोगावरील एथॅम्ब्युटॉल हे औषध चालू असताना रंगांत फरक जाणवला, तर औषधाचा निर्णय स्वतः न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

टप्पा २ : खात्रीचे डोळे निवडा

मदतीला एकच माणूस ठरवावा. दहा जणांना विचारले की दहा नावे मिळतात. एक 'मेहंदी' म्हणतो, दुसरा 'शेवाळी', तिसरा 'हिरवाच की!' आणि वहीत नुसता गोंधळ उतरतो.

हा माणूस निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. लाल-हिरव्याचा दोष पुरुषाला आईकडून येतो, त्यामुळे सख्खा भाऊ, मामा किंवा आईचे वडील यांनाही तो असण्याची शक्यता बरीच असते. तेव्हा चाचणी झाल्याखेरीज मामांच्या शब्दावर मॅचिंग करू नये, मग ते कितीही ठामपणे सांगोत. दुसरे म्हणजे, मोतीबिंदू झालेल्या डोळ्याचे भिंग पिवळसर होते आणि निळ्या छटा दबतात, त्यामुळे शस्त्रक्रिया न झालेल्या आजी-आजोबांना हे काम सांगू नये. बहीण, पत्नी, मुलगी किंवा जवळचा मित्र यांपैकी ज्याला कपड्यांत रस आहे आणि जो कंटाळणार नाही, तो योग्य.

प्रश्नही नेमका विचारावा. "हा रंग कोणता?" एवढे पुरत नाही. "मूळ रंग कोणता, फिकट की गडद, आणि त्यात दुसऱ्या रंगाची झाक आहे का?" असे तीन भाग करून विचारल्यास उत्तर वापरता येते.

टप्पा ३ : उजेड आणि वर्गवारी

सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीजवळ पांढरी चादर अंथरावी. रंगीत सतरंजी, गुलाबी पडदा किंवा पोपटी भिंत जवळ असेल तर तिची झाक कपड्यावर पडते. ढगाळ दिवस चालतो, किंबहुना पावसाळ्यातला मऊ उजेड या कामाला उन्हापेक्षा बरा. पिवळ्या बल्बखाली केलेली वर्गवारी मात्र पुन्हा करावी लागते, कारण दोन कापडे एका दिव्याखाली सारखी दिसून दुसऱ्या उजेडात वेगळी निघू शकतात.

कपाट पूर्ण रिकामे करावे. अर्धे आज आणि अर्धे पुढच्या रविवारी असे केले, तर आज ठरवलेला 'गडद' आणि पुढच्या आठवड्यातला 'गडद' जुळत नाहीत. प्रथम रंगाकडे लक्ष न देता फक्त फिकट-गडद असे पाच ढीग करावेत : १ पांढरट, २ फिकट, ३ मध्यम, ४ गडद, ५ काळपट. रंगदोष असलेल्या माणसाला हा भाग बराचसा स्वतः करता येतो. अपवाद आहे तो लाल काळपट दिसणाऱ्यांचा. त्यांना ५ वाटणारा लाल शर्ट इतरांना ३ दिसतो. अशा वेळी मोबाइलवर सर्व ढिगांचा फोटो काढून तो संपादनात कृष्णधवल करावा आणि त्यात जो कपडा आपल्या ढिगात विसंगत दिसेल तो हलवावा. त्यानंतर मदतनिसाने प्रत्येक ढिगात रंगानुसार गट करावेत.

तपासणी : गोंधळाच्या जोड्यांचा कागद घेऊन त्यातला प्रत्येक रंग असलेला कपडा मदतनिसाला एकेकटा पुन्हा दाखवावा. उत्तर बदलले, तर तो कपडा थेट खिडकीत नेऊन पांढऱ्या कागदाशेजारी धरावा.

टप्पा ४ : कपड्यावर खूण करा

बहुतेकांचे काम फसते ते इथे. कपाटात रंगांचे कप्पे पाडणे, हँगरला चिठ्ठी अडकवणे, कपडे ठरावीक क्रमाने लावणे हे सारे उपाय पहिल्या धुण्यापर्यंत टिकतात. दोरीवरून काढलेले कपडे घरातला कोणीही घडी करून कुठेही ठेवतो आणि क्रम मोडतो. खूण कपड्यावरच हवी आणि ती धुण्यात टिकणारी हवी.

टेलरिंगच्या साहित्याच्या दुकानात मिळणारी पांढरी सुती फीत आणि कपड्यावर लिहायचे, न धुतले जाणारे काळे मार्कर पेन आणावे. फितीचे बोटभर तुकडे करून त्यांवर रंगाचे अक्षर आणि गडदपणाचा आकडा लिहावा : 'नि४' म्हणजे गडद निळा, 'गु२' म्हणजे फिकट गुलाबी. अक्षरे ठरवताना सावध राहावे. पांढरा, पिवळा आणि पोपटी तिघेही 'प'ने सुरू होतात, म्हणून पां, पि, पो असे पूर्ण लिहावे. करडा आणि काळा यांत घोळ होऊ नये म्हणून करड्याला 'रा', म्हणजे राखाडी, ठेवावे. नारिंगीला 'ना' आणि निळ्याला 'नि' लिहिताना काना आणि वेलांटी ठळक काढावी, कारण चार धुण्यांनंतर पुसट झालेला 'ना' कोणत्याही कोनातून 'नि' वाटतो.

चौकडीच्या किंवा छापील कपड्याला सर्वांत जास्त जागा व्यापणारा रंग आधी आणि दुसरा नंतर लिहावा, जसे 'नि४ पां'. धूपछाँव साडीत ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, वेगळ्या रंगांचे असतात व हालचालीबरोबर झाक बदलते, म्हणून तिथे दोन्ही रंग लिहून मध्ये तिरकी रेघ द्यावी. काठ वेगळ्या रंगाचा असल्यास तो पुढे लिहावा.

फीत शिवायची जागाही ठरलेली असावी. शर्ट-कुर्त्याला कॉलरच्या आत, पँटला कमरपट्टीच्या आत उजवीकडे, ब्लाउजला मागच्या गळ्याच्या पट्टीला आतून आणि साडीला कमरेत खोचल्या जाणाऱ्या टोकाला. शर्टाची घडी घातली की कॉलर वर येते आणि कपाटातून न काढताच खूण वाचता येते. शाई पूर्ण वाळू द्यावी, इस्त्री फिरवावी आणि आधी दोन-तीन कपडेच धुऊन पाहावे. शाई पसरत असेल, तर अक्षर काळ्या दोऱ्याने टाक्यांत काढावे.

सावधान : धोब्यांच्या बिब्ब्याच्या खुणा पक्क्या असतात हे खरे, पण घरी तो प्रयोग करू नये. बिब्ब्याचे तेल कातडीला लागल्यास फोड येतात.

तपासणी : मदतनिसाने कपाटातले कोणतेही दहा कपडे काढून द्यावेत आणि तुम्ही फितीवरून रंग सांगावा. एकही चुकला तर अक्षरांची यादी बदलावी, आणि पुढे जाण्याआधीच बदलावी.

टप्पा ५ : जोड्या ठरवा

आता कोणता रंग कोणाशी जुळतो हे दाखवणारे रंगचक्र पाठ करण्याच्या भानगडीत पडू नये. ते रंग पाहू शकणाऱ्यांसाठी आहे. माझ्या मते रोजच्या कपड्यांना तीन नियम पुरतात.

पहिला नियम खालच्या कपड्याचा. पँटी काळी, राखाडी, फिकट बदामी आणि नेव्ही एवढ्याच रंगांत ठेवाव्यात. गडद हिरवी, तपकिरी आणि मरून पँट वापरातून काढावी, कारण फीत उसवली त्या दिवशी लाल-हिरवा दोष असलेल्याला या तिघींत फरक करता येणार नाही. दुसरा नियम असा की वर एकच ठळक रंग असावा. जाकीट किंवा उपरणे घ्यायचे झाल्यास ते पांढरे, काळे, राखाडी किंवा बदामी घ्यावे. तिसरा नियम आकड्यांचा : वरच्या आणि खालच्या कपड्याच्या आकड्यांत किमान दोनचा फरक हवा.

उदाहरण घेऊ. शर्टावर 'गु२' आणि पँटवर 'रा४' असेल, तर ठळक रंग एकच, पँट ठरलेल्या रंगांतली आणि फरक दोनचा, म्हणून जोडी चालेल. 'हि४' शर्टाखाली 'का५' पँट घातली, तर लांबून सगळा माणूस एकच गडद ठोकळा दिसतो, म्हणून तिथे बदामी २ घ्यावी. 'जां४' कुर्त्याखाली 'पां१' पायजमा उत्तम. एकाच अक्षराचे कपडेही जमतात, उदाहरणार्थ 'नि२' शर्ट आणि नेव्ही ५ पँट. जमलेल्या प्रत्येक जोडीचा फोटो मोबाइलमध्ये वेगळा ठेवावा आणि त्याखाली खुणा लिहाव्यात, म्हणजे सकाळी विचार करण्याचे कारण उरत नाही.

साडीचा मार्ग वेगळा. साडी, तिचा ब्लाउज आणि परकर दिवसाच्या उजेडात एकदा जुळवून एकाच कव्हरमध्ये ठेवावेत आणि धुऊन आल्यावर पुन्हा त्याच कव्हरमध्ये जावेत. परकराकडे दुर्लक्ष होते. पातळ साडीतून त्याचा रंग वर उमटतो आणि सगळी मेहनत वाया जाते. पायमोजे एकाच रंगाचे डझनभर घ्यावेत. चप्पल, बूट आणि पट्टा सगळे काळे किंवा सगळे तपकिरी ठेवावेत, आणि पॉलिशची डबी झाकणाच्या रंगावरून न उचलता नाव वाचून उचलावी.

प्रसंगांपैकी एकाच प्रसंगाची आधी तयारी लागते. फिकट गुलाबी किंवा फिकट पिस्ता शर्ट लाल-हिरवा दोष असलेल्याला पांढरा वाटतो, आणि अंत्यविधीला किंवा दशक्रियेला जाताना तो घालून गेल्यास बोलणारे कोणी नसले तरी पाहणारे असतात. म्हणून 'पां१' खूण असलेले दोन पोशाख कायम वेगळे काढून ठेवावेत. हळदीच्या समारंभासाठी 'पि', नवरात्रातल्या रंगांसाठी त्या-त्या अक्षराचा कपडा, एवढे फितीवरून भागते. नवरात्राच्या यादीत राखाडी, गुलाबी आणि मोरपंखी हे तिन्ही बहुधा असतात, तेव्हा त्या आठवड्यात अंदाजाने कपडा काढू नये.

टप्पा ६ : धुणे आणि इस्त्री

लाल कपड्याचा रंग जाऊन पांढरा शर्ट गुलाबट झाला, तर घरातल्या इतरांना तो लगेच दिसतो. लाल-हिरवा दोष असलेल्याला दिसत नाही आणि तो तसाच कामावर जातो. यावर उपाय आधीचाच आहे : पां खुणेचे कपडे नेहमी वेगळे भिजवावेत, आणि ला, मरून व गडद निळा असे नवे कपडे पहिल्या दोन-तीन धुण्यांत एकेकटे धुवावेत. धुण्याच्या बादल्याही फितीवरच्या आकड्यांनुसार कराव्यात, १-२ एकीकडे आणि ४-५ दुसरीकडे.

डागांचे थोडे वेगळे आहे. हळदीचा पिवळा डाग लाल-हिरवा दोष असलेल्याला पांढऱ्यावर सहसा दिसतो, पण साबण लागताच तो तांबूस होतो आणि मग तो पानाचा की रक्ताचा असा गैरसमज होतो. सांगलीत हळदीच्या व्यवहारात असलेल्यांना हे ठाऊकच आहे. तो डाग धुऊन उन्हात वाळवला की फिका होत जातो. खरा धोका हिरव्या, खाकी आणि तपकिरी कपड्यांवर पडलेल्या कुंकवाचा, रक्ताचा किंवा चटणीच्या तेलाचा आहे. तो डाग आरशात पाहूनही कळत नाही, म्हणून जेवणावळीहून आल्यावर असा कपडा कोणाला तरी दाखवूनच पुन्हा कपाटात ठेवावा.

इस्त्रीवाल्यांना फितीविषयी आधी सांगावे, नाहीतर ती जुनी चिठ्ठी समजून कापली जाते.

टप्पा ७ : नवी खरेदी

सांगलीच्या कापड पेठेत खरेदी करायची असली, तरी ती संध्याकाळी दुकानांचे दिवे लागल्यावर करू नये. दुपारी जावे आणि कापड दाराशी, उजेडात नेऊन पाहावे. दुकानदारांना याची सवय असते, त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. ब्लाउजपीस घेताना साडीचा फोटो न नेता साडीच न्यावी, कारण मोबाइलचा कॅमेरा रंग स्वतःच्या मनाने थोडा बदलतो.

विक्रेत्याने सांगितलेले रंगाचे नाव जागेवरच बिलाच्या मागे लिहून घ्यावे. तयार कपड्यांवर इंग्रजी नावे असतात, त्यांचा साधारण अर्थ असा : ऑलिव्ह म्हणजे मेहंदीच्या जवळचा मळकट हिरवा, टील म्हणजे गडद मोरपंखी, रस्ट म्हणजे विटकरी, मस्टर्ड म्हणजे मोहरीसारखा पिवळा, मॉव म्हणजे राखाडीकडे झुकणारा फिकट जांभळा. यांपैकी ऑलिव्ह आणि रस्ट एकाच वेळी घेऊ नयेत. बटण किंवा शिवण यांसाठी दोरा लागला, तर रिळाच्या रंगाचा अंदाज न बांधता कपड्याचा तुकडा शिंप्याच्या हातात द्यावा.

नवा कपडा घरी आल्यावर फीत शिवल्याशिवाय कपाटात जाता कामा नये. हा नियम मोडला की दोन महिन्यांत सगळे कपाट पूर्वपदावर येते.

टप्पा ८ : ॲप आणि चष्मा, सर्वांत शेवटी

रंग सांगणारी ॲप, उदाहरणार्थ मायक्रोसॉफ्टचे 'सीइंग एआय', प्रवासात किंवा मदतनीस नसताना उपयोगी पडतात. वापरण्याआधी पांढरा कागद आणि फीत लावलेला एखादा ओळखीचा कपडा दाखवून पाहावा. कागदाला ॲप पिवळसर म्हणत असेल, तर त्या उजेडात त्याचे पुढचे उत्तर धरू नये. एका कपड्यावर तीन जागी पाहावे, घडीच्या सावलीत पाहू नये. फोनमधली रंगदुरुस्तीची सोय पडद्यावरच्या छटा वेगळ्या करून दाखवते. तिचा हातातल्या कापडाशी संबंध नाही.

रंगदोषासाठी विकले जाणारे चष्मे काहींना लाल-हिरव्यातला फरक थोडा ठळक करून दाखवतात, परंतु ते सामान्य रंगदृष्टी देत नाहीत आणि सर्वांना लागू पडत नाहीत. जन्मजात दोषावर औषध म्हणून कोणी काही विकत असल्यास ते घेऊ नये. चष्मा घ्यायचाच असेल, तर परत करण्याची मुभा असताना घ्यावा आणि स्वतःच्या गोंधळाच्या जोड्यांतले दोन कपडे खिडकीत शेजारी धरून तो लावून पाहावा. ते दोन कपडे तेव्हाही सारखेच दिसले, तर चष्मा परत करावा.